पहिली सुई

सनदी मोजणीदार होणं म्हणजे काय खायची गोष्ट नव्हती, आणि भोर संस्थानात तर मुळीच नव्हती. आधी मराठी फायनल पास पाहिजे. मग कुणातरी जुन्या मोजणीदाराच्या हाताखाली दोन हंगाम उन्हात भाजून निघायचं, त्याची साखळी खांद्यावर वाहायची, त्याच्या शिव्या खायच्या आणि वर त्याचा चहाही आपणच करायचा. मग परीक्षा. साहेब एखादं आधी मोजलेलं रान दाखवणार आणि म्हणणार, ‘मोज.’ तू काढलेला नकाशा जुन्या नकाशावर ठेवून उजेडाला धरणार. रेघेवर रेघ बसली तर सनद. नाही बसली तर पुन्हा दोन हंगाम, पुन्हा शिव्या, पुन्हा चहा.

जलील तांबोळ्याचे दोन्ही हंगाम भरले होते. भोरात त्याचा बाप पानं विकायचा. तो गेल्यावर आई बद्रुन्निसानं चार घरची शिवणं करून पोराला शिकवलं, आणि पोरगा परीक्षेला निघाला त्या सकाळी तिनं सनद ठेवायला कापडी पिशवीसुद्धा शिवून दिली. जलील म्हणाला, “अम्मा, बाजारात तुरी आन् तू चुलीवर भांडं चढवलंस.” ती म्हणाली, “तू तुरी आण, भांड्याचं मी बघते.” ती पिशवी खिशात घालून पोरगा परीक्षेच्या गावी, गुंजवण्याला, आला. सनद मिळाली नाही तर आईला तोंड कसं दाखवायचं, एवढी एकच धास्ती त्याच्या मनाला होती.

त्याचे गुरू आनंदराव सोबत होते. तीस वर्षांत उभं संस्थान पालथं घातलेला माणूस, राग नाकाच्या शेंड्यावर, पण हाताखालच्या पोराला जीव लावणारा. परीक्षेत त्यांनी तोंड उघडायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता. आनंदरावांना गप्प बसायला लावायचं म्हणजे वाऱ्याची मोट बांधण्यातली गत. परीक्षा घेणारे मानसिंगराव साहेब नाकावर माशी बसू देत नसत. त्यांनी मुद्दाम आनंदरावांनीच सात वर्षांपूर्वी मोजलेलं रान निवडलं.

“गुरूनं काढलेल्या रेघेवर चेल्याची रेघ बसते का, बघू,” साहेब म्हणाले.

रान दोन भावांचं होतं. खाली ओढा, तिथपासून वर जांभळीखालच्या हद्दीच्या दगडापर्यंत एकापुढं एक भाताची खाचरं. धाकटा भाऊ वारल्यावर वाटणी झाली. आनंदरावांनी ओढ्यापासून जांभळीपर्यंत मोजणी केली, आठ साखळ्या भरल्या, बरोबर चार साखळ्यांवर मध्ये दगड रोवला. ओढ्याकडचं अर्धं थोरल्या रखमाजीला, जांभळीकडचं धाकट्याच्या बायकोला, ठकुबाईला. एवढं सरळ, कुठं भांडायला जागा नाही.

पण ठकुबाई भांडत होती. वाटणीनंतरच्या पहिल्याच आवणीपासून, म्हणजे भातलावणीपासून, ती म्हणत होती, माझं रान कमी हाय. का, तर म्हणे दिराच्या अर्ध्यात रोपाच्या मुठी जास्त लागतात आणि आपल्या अर्ध्यात कमी. आता मुठीवरून कुठं जमीन मोजतात का? तरी कचेरीनं दोनदा शिपाई पाठवले. त्यांनी तिचा तुकडा ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत मोजला. कागदावर चार साखळ्या, जमिनीवरही चारच. बाई, तुझं भरून पावलंय, गप घरी बस! ती गप बसेना. चावडीवर, देवळापुढं, बाजाराच्या वाटेवर, जो भेटेल त्याला थांबवून तेच पालुपद. शेवटी गावानं तिला ‘येडी ठकू’ करून टाकलं. तिच्या मुलीची, फुलाबाईची, सोयरीक दोनदा ठरली आणि दोनदा मोडली. आईलाच वेड असेल, तर त्या घरातली पोरगी कोण करणार?

त्या सकाळीही ती बांधावर येऊन उभी होती. जलीलच्या खांद्यावरची साखळी बघून पुढं झाली.

“नवा मोजनीदार का रं तू, बाळा? नीट मोज. तुज्या ह्या मास्तरच्या साखळीनं माजं रान खाल्लंया.”

आनंदरावांवरचा गप्प राहायचा हुकूम कुठल्या कुठं उडाला. “साखळी लोखंडाची असते, ठकुबाई. ती रान खात नाही, काही खात नाही!”

सगळे हसले. जलीलही हसला. परीक्षेच्या धास्तीत त्याला हसायला काहीतरी पाहिजेच होतं.

मोजणी कशी करतात, ते सांगतो. अवघड काही नाही. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, दोन गडी आणि दहा सुया. सुया म्हणजे हातभर लांबीच्या लोखंडी काड्या. पुढचा गडी साखळी ताणून धरतो आणि तिच्या टोकाशी जमिनीत एक सुई खोचतो. मागचा त्या सुईपाशी येतो, साखळी परत ताणली की सुई उपटून हातात घेतो आणि पुढं चालू लागतो. ओळ संपली की मागच्याच्या हातात जितक्या सुया, तितक्या साखळ्या झाल्या. मोजणीदार मधून शंकू, म्हणजे काटकोन बघायची काठी, लावून दोन्ही बाजूंच्या बांधांची अंतरं टिपत जातो. त्याचं डोकं त्यातच असतं. मागच्या गड्याकडं वळून बघायला त्याला सवड नसते आणि बघण्यासारखं तिथं काही नसतंही.

गुंजवण्यात मागचं टोक धरायचा मान गेनबाचा. पांढऱ्या मिशांचा, गळ्यात माळ घातलेला म्हातारा, आयुष्यात कधी खोटं बोलला नाही अशी त्याची ख्याती. कुणाच्याही मोजणीला गाव म्हणायचं, मागं गेनबा पाहिजे, म्हणजे शंका नको. आनंदरावांच्या मोजणीलाही तोच होता.

जलीलनं जीव ओतून काम केलं. उताराला साखळी जमिनीवर लोळू दिली नाही, आडवी ताणून धरायला लावली. शंकू तीन-तीनदा तपासला. मधल्या दगडापाशी गेनबाच्या हातातल्या सुया मोजल्या, चार. जांभळीखाली मोजल्या, आठ. जलीलच्या छातीवरचं ओझंच उतरलं.

सामान आवरताना तेवढी एक चुटपूट लागली. दहातल्या आठ सुया गेनबाकडं, एक पुढच्या गड्याकडं उरलेली. मग दहावी गेली कुठं? जलीलनं गवत धुंडाळलं, नाही सापडली. त्यानं भीत भीत आनंदरावांना सांगितलं, तर ते चक्क हसले.

“जाऊ दे रे. मीसुद्धा ह्या गावात एक सुई हरवून बसलोय. गुंजवण्याच्या भुईला सुया गिळायची खोड आहे.”

दुपारी चावडीत नकाशा शाईनं पुरा झाला. मानसिंगरावांनी तो जुन्या नकाशावर ठेवला आणि दोन्ही कागद दाराच्या उजेडात धरले. रेघेवर रेघ बसली होती! केसाचा फरक नव्हता. साहेबांनी कागद खाली ठेवले आणि जलीलकडं पहिल्यांदा माणसाकडं बघावं तसं बघितलं.

“शाब्बास, तांबोळी. उद्या सकाळी भोरला निघण्याआधी शिफारशीवर सही करतो. सनद झाली म्हणून समज.”

आनंदरावांनी पोराच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पडायचाच. “गुरूची विद्या गुरूला फळली बघ!” ते म्हणाले, आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं. जलीलनं खिशातली पिशवी नुसती चाचपून बघितली. आता ती भरणार होती.

गेनबानं त्याला जांभळीपलीकडल्या आपल्या खळ्यावर बोलावलं. पोरगं पास झालं, आपल्या हातून साखळी धरली गेली, तेव्हा मूठभर नवे तांदूळ आईला घेऊन जा म्हणाला. दिवस कलला होता. खळ्यावर भाताची रास घातलेली, मळणी उरकलेली, आज माप होतं. जलील बांधावर टेकला, पाय सैल सोडले, आईला काय काय सांगायचं ते मनात जुळवत बसला.

गेनबानं टोपी काढली, राशीला हात जोडले. पायली भरली, हातानं सपाट केली आणि राशीच्या उशाला वेगळी ओतली.

“देवाचं,” तो म्हणाला.

मग दुसऱ्यांदा पायली भरली, पोत्यात ओतली आणि म्हणाला, “एक.”

जलील मनातल्या मनात आईशी बोलण्यात होता. गेनबा ‘दोन’ म्हणाला, ‘तीन’ म्हणाला, आणि मग कुठं काहीतरी जलीलच्या डोक्यात खट्टकन वाजलं. तो ताठ झाला.

“बाबा,” त्यानं विचारलं, “ते पहिलं माप मोजलं नाहीत?”

“पयलं?” गेनबाला नवल वाटलं. “पयलं देवाचं. ते कुनी मोजतं का? आमच्या खोऱ्यात ज्ये काय मोजायचं, त्यातलं पयलं देवाचं. भात आसू दे, नाचनी आसू दे, न्हाईतर...”

“नाहीतर काय?”

“न्हाईतर रान आसू दे,” गेनबा म्हणाला आणि चौथी पायली भरायला वाकला.

जलील उठला. कसा उठला, त्याचं त्यालाच कळलं नाही. पायात वहाणा न घालताच तो खळ्यावरून पळत सुटला, ठकुबाईचं रान ओलांडून, मधला दगड ओलांडून, थेट ओढ्याकडं. भाताच्या धसकटांनी तळव्यांतून रक्त आलं ते नंतर दिसलं. ओढ्याच्या काठापासून एक साखळी अंतरावर त्यानं शोधायला सुरुवात केली आणि फार शोधावंही लागलं नाही.

सुई तिथंच उभी होती. जशी खोचली तशी, सरळ. तिच्या माथ्याला हळदीचा टिळा लावलेला होता आणि बुडाशी चिमूटभर तांदूळ वाहिलेले होते.

जलील सुईपाशी खाली बसला. म्हणजे पहिली सुई गेनबानं उपटलीच नव्हती! ती देवाला दिली आणि एक म्हणून दुसरी उचलली. आठ नव्हे, नऊ साखळ्यांचं रान होतं. आणि मधला दगड? तो ओढ्यापासून मोजून चारवर रोवलेला, म्हणजे खरा पाचवर. रखमाजीकडं पाच, ठकुबाईकडं चार. शिपायांनी दोनदा येऊन तिच्या चार मोजल्या, त्या चारच भरणार होत्या! चोरी ज्या बाजूला होती, ती बाजू कुणी मोजलीच नव्हती. आणि आपल्या नकाशाची रेघ गुरूच्या रेघेवर बसली ती बरोबर होती म्हणून नव्हे, दोघंही एकाच जागी चुकले होते म्हणून.

त्यानं सुईवर हात ठेवला. आता ही उपटावी, हळद पुसावी, सामानात टाकावी. संपलं. कुणाला कळणार आहे? गेनबानं पाप केलेलं नाही, मग तो कशाला बोलेल? उद्या सही, परवा आईच्या हातात सनद. मास्तरांचं नावही राहील. आणि ठकुबाई... तिला गाव वेडी म्हणतंच. सकाळी मीही हसलोच की.

त्या हसण्याची आठवण झाली आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. त्यानं हात मागं घेतला. सुई तशीच ठेवून तो चावडीकडं गेला.

आनंदराव दाराशी पान लावत बसले होते. जलीलनं सगळं सांगितलं. अर्ध्यातच ते कडाडले, “जल्या! यशानं डोकं फिरलं काय तुझं? माझी मोजणी चुकीची? माझी?” आणि मग त्यांचा हात चुन्याच्या डबीवर तसाच थांबला. “सुई,” ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. “तेव्हासुद्धा एक सुई...”

ते जलीलच्या मागोमाग ओढ्यापर्यंत आले, हळदीचा टिळा बघितला आणि बांधावर बसकण मारली. पार अंधारून यायला लागलं, तेव्हा एवढंच म्हणाले, “साहेबांना मी सांगतो. तू सांगितलंस तर त्यांना वाटेल, पोरगं गुरूवर उलटलं.”

सकाळी मानसिंगराव सही करायला बसले होते, ते लेखणी तशीच टाकून रानात आले. सुई बघून त्यांच्या तोंडून “अरे देवा!” एवढंच निघालं. साखळी परत सोडली. ह्या खेपेला मागचं टोक आनंदरावांनी स्वतः धरलं. तीस वर्षांचा सनदी मोजणीदार धोतर खोचून गड्यासारखा धसकटांतून सुया उपटत चालला होता आणि रखमाजीसकट अख्खं गाव बांधावर उभं राहून बघत होतं. मधल्या दगडापाशी त्यांनी हात उघडला, पाच. जांभळीखाली उघडला, नऊ.

गेनबाचं तोंड पांढरं फटक पडलं. “म्हंजी म्या... म्या पाप केलं का रं, सायेब? म्या तर देवाचं म्हनून सोडलं व्हतं. मला वाटलं, देवानंच घेतलं आसंल.”

“देवानं नाही घेतलं, गेनबा,” आनंदराव म्हणाले. “रखमाजीनं घेतलं.”

रखमाजीला तरी काय ठाऊक होतं? तो आ वासून आपल्याच पायाखालच्या रानाकडं बघत राहिला. साहेबांनी तिथंच मधला दगड उपटवला आणि अर्धी साखळी ओढ्याकडं सरकवून रोवला. मग ते जलीलकडं वळले.

“तांबोळी, शिफारस मी फाडणार. सुई गड्यानं सोडली, पण सुया मोजून घेणं मोजणीदाराचं काम. दहावी कुठं गेली म्हणून तू रान पालथं घालायला हवं होतंस. परत दोन हंगाम.” मग ते म्हणाले, “तू गप्प राहिला असतास, तर मी सही केली असती. हे मी विसरणार नाही. पण कायदा कायदा आहे.”

“व्हय, साहेब,” जलील म्हणाला. रिकामी पिशवी बघून अम्मा काय म्हणेल, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण काल संध्याकाळची शिसारी आता नव्हती.

गाव पांगलं. ठकुबाई मात्र नव्या दगडापाशी उभीच होती. आता ही नाचेल, नाहीतर दिराला चार शिव्या हासडेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. ती नुसती जुन्या दगडाच्या खड्ड्यापासून नव्या दगडापर्यंत चालत गेली, परत आली, परत गेली. जलील तिच्याजवळ गेला.

“मावशी, माफ करा. काल सकाळी मी हसलो.”

तिला ते ऐकूच आलं नसावं. तिनं त्याचा दंड धरला.

“बाळा, येक इचारू? खरं सांगशील? म्या म्हनत व्हते त्ये खरं व्हतं का?”

“खरं होतं, मावशी.”

“मंग म्या येडी न्हाई?”

जलील तोंड उघडतोय तोवर तीच पुढं बोलू लागली.

“सात वर्सं समद्यांनी म्हनलं. शिपाई म्हनला, दीर म्हनला, पोरीचे व्हनारे सासू-सासरे म्हनले. आरं, लोक म्हनत्यात तवर ठीक व्हतं. पर गेल्या साली आवनीला मुठी मोजता मोजता मलाच वाटाय लागलं, ठके, तुजं डोस्कंच फिरलंया. तवापून म्या मुठी मोजनं सोडून दिलं. नुसती सवय म्हनून बोंबलत व्हते, बाळा. म्या बी मला येडीच समजत व्हते.” तिनं त्याचा दंड आणखी घट्ट धरला. “म्या येडी न्हाई ना रं?”

“नाही, मावशी,” जलील म्हणाला. “तुमी येड्या न्हाई.”

“परत सांग.”

त्यानं परत सांगितलं. वर जांभळीखाली आनंदराव साखळी गुंडाळायची सोडून ऐकत उभे होते. ती विचारत राहिली आणि तो सांगत राहिला, त्या दिवशी भोरची वाट धरायला गुरू-चेल्यांना उशीर झाला, तो ह्यामुळंच.